चाळीचा वास कसा तयार करायचा? (शीर्षक बदलले आहे, कारण खाली)

लाकडी_रंगमंच · सोमवार, रात्री ११:५२

मंडळी, मदत हवी आहे. धागा विचित्र वाटेल, पण थट्टा करत नाहीये.

आमचा हौशी ग्रुप एक दीर्घांक बसवतोय. काळ १९८२. जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर चार-पाच महिने गेलेत. जागा लालबागच्या एका चाळीचा दुसरा मजला. नेपथ्य माझ्याकडे आहे. खोली, कठडा, मोरी, पितळी पिंप, दोरीवरचे कपडे, सगळं उभं राहिलं. परवा दिग्दर्शक समोर खुर्ची टाकून बसला, पाच मिनिटं गप्प होता आणि मग म्हणाला, "दिसते चाळ, पण वाटत नाही. वासच नाही हिला."

वर यादीही दिली त्याने. मजल्याच्या टोकाचा सामायिक संडास, तव्यावरचा सुका बोंबील, ओल आलेली भिंत, चौकातलं तुंबलेलं गटार. हॉल दादरला आहे, ऐंशी खुर्च्या, दारंखिडक्या बंद, एसी.

मी कॉमर्सचा माणूस. दहावीनंतर आम्लाशी संबंध फक्त पित्तापुरता. हे वास नेमके कशाचे असतात? आणि खरी घाण आणून न ठेवता ते करता येतात का? (खरी घाण आणण्याचा प्रस्ताव हॉलच्या वॉचमनने ऐकताक्षणी फेटाळला.)

प्रतिसादखोर · रात्री १२:०३

पहिली रांग फुकट ठेवा.

कुंदकळी · रात्री १२:१०

वाचतेय. कुणी जाणकार येईपर्यंत एक सांगते. पंधरा दिवसांची साय साठवून तूप कढवायला घेते, तेव्हा डब्याचं झाकण उघडल्यावर जो वास येतो त्याला आमच्या मुलीने "उलटी" असंच नाव ठेवलंय. तूप मात्र मागून घेते.

परीक्षानळी · मंगळवार, सकाळी ७:२०

बऱ्याच वर्षांनी माझ्या धंद्याचा धागा आला.

माटुंग्याच्या यूडीसीटीतून बाहेर पडलो (१९३३ची रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था, आता आयसीटी म्हणतात, आमच्या पिढीच्या तोंडी ते बसत नाही) आणि तीस वर्षं सुगंधी द्रव्यांत काढली. त्यातला बराच वेळ दुर्गंधाबरोबर गेला. संडासात ठेवायची सुगंधी वडी चालते की नाही हे तपासायचं तर आधी संडास हवा, आणि तोही रोज तेवढ्याच तीव्रतेचा. खऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून या धंद्यात दुर्गंध बाटलीत बनवून ठेवतात. अमेरिकेत तर साफसफाईची उत्पादनं तपासण्यासाठी केलेलं असं एक मिश्रण 'सरकारी प्रमाणित संडास-दुर्गंध' अशा नावानेच ओळखलं जातं. पुढे लष्करालाही त्यात रस निर्माण झाला.

आता तुमचा प्रश्न. घाण वास ही एक वस्तू नाही, आणि हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे. आपण सगळ्याला 'घाण' म्हणत नाही. मासळीला वशाट म्हणतो, जुन्या तेलाला खवट, भिंतीला कुबट, शिळ्या वरणाला आंबूस, गटाराला कुजकट. नाक बरोबर गट पाडतं. रसायनशास्त्राने नंतर जाऊन त्या गटांना फक्त सूत्रं दिली.

वशाट म्हणजे नत्राची मंडळी, अमाइन्स. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड असतं. खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी टिकवायला ते त्याच्या उपयोगाचं, आणि त्याला वासही नाही. मासा मेला की जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ट्रायमिथिलअमाइन. हे हवेच्या अब्ज भागांत एक भागाहून कमी असलं तरी नाकाला कळतं. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्यात हे ऑक्साइड फारसं नसतं. त्यांचा जो मातकट वास येतो तो वेगळ्याच पदार्थाचा, जिओस्मिनचा. मासळीला आपण लिंबू, चिंच, कोकम लावतो ते चवीसाठी असतंच, पण आम्ल लागलं की अमाइनचं क्षार होतं आणि क्षार उडत नाही. उडत नाही म्हणून नाकापर्यंत येत नाही.

कुजकट म्हणजे गंधक. गटार, खाडी, नासकं अंडं. हायड्रोजन सल्फाइड आणि त्याची भावंडं. ओहोटीला माहीमच्या खाडीवरून गाडी जाते तेव्हा डब्यातली सगळी माणसं एकाच वेळी रुमाल का काढतात? चिखलात प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सल्फाइड सोडतात. भरतीचं पाणी वर असतं तोवर झाकण, ओहोटी लागली की झाकण उघडतं. तो चिखल काळा दिसतो तो लोहाच्या सल्फाइडमुळे. (शहराने त्यात सांडपाणी ओतून जिवाणूंची चंगळ केली आहे ते वेगळंच.)

खवट आणि आंबूस ही छोट्या आम्लांची करामत. कुंदकळीताई, तुमच्या डब्यातलं ब्युटिरिक आम्ल. ते लोण्यात असतं आणि उलटीतही असतं, त्यामुळे मुलीचं नाक शाबूत आहे. त्याचाच शेजारी आयसोव्हॅलेरिक, म्हणजे पावसाळ्यात लोकलमध्ये बूट काढून बसलेला सहप्रवासी.

कुबट म्हणजे बुरशी. जिओस्मिन इथेही आहे. मृगाच्या पहिल्या सरीचा जो वास आपण छातीभरून घेतो, त्यातलाही मोठा वाटा त्याचाच. अंगणात आला की मृद्गंध, पिण्याच्या पाण्यात आला की वॉर्ड ऑफिसला फोन.

संडासाबद्दल सविस्तर संध्याकाळी लिहितो. आता नाश्ता समोर आलाय.

प्रतिसादखोर · सकाळी ७:४१

काका, नाश्त्याची वेळ उत्तम साधलीत.

वेसावकर_नाखवा · सकाळी ९:१५

एक विचारू? धाग्याच्या नावात "घाण" लिहिलंय आणि यादीत सुका बोंबील टाकलाय. म्हणजे आमचा बोंबील संडास नि गटाराच्या रांगेत?

आमच्या घरी तीन पिढ्या बोंबील सुकवतात. पाऊस सरला की मे महिन्यापर्यंत बांबूच्या वलांडीवर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची. ताज्या बोंबलात निम्म्याहून किती तरी जास्त पाणीच असतं, ते ऊन आणि वारा ओढून घेतो. कडकडीत ऊन लागलेल्या बोंबलाला वास असतो, पण घाण नसते. समुद्र, मीठ, थोडं भाजल्यासारखं. घाण कधी येते? अवेळी पाऊस आला आणि माल भिजला तर. मग तो काळा पडतो, कोंबड्यांच्या खाद्याला जातो आणि आमचं वर्ष बुडतं. इमारतीतली माणसं आम्हाला सांगायला येतात, तुमचा वास येतो म्हणून. वलांडी आधीची की तुमची इमारत आधीची?

नाटकाला विरोध नाय. पण वासाला घाण म्हणताना कुणाच्या घराचा वास आहे ते बघा.

लाकडी_रंगमंच · सकाळी ९:५०

नाखवा, चूक मान्य. शीर्षकातून 'घाण' काढलं. दिग्दर्शकालाही तुमचा प्रतिसाद पाठवला. तो म्हणतो, नाटकात बोंबील भाजते ती बाई संपाच्या काळात घरात जे उरलंय ते भाजतेय. तो वास चांगलाच यायला हवा, म्हणजे शेजारच्या पोराला भूक लागेल. मीच यादी करताना सरसकट टाकला.

वेसावकर_नाखवा · सकाळी १०:०२

मग बाटली कशाला? एक बोंबील निखाऱ्यावर धरा. चाळीतच काय, पार्किंगपर्यंत कळेल. तेवढे मी देतो.

परीक्षानळी · संध्याकाळी ६:३५

नाखवांचं बरोबर आहे, शास्त्रानेही. ऊन आणि वारा झटपट पाणी काढतात, जिवाणूंना वेळच मिळत नाही, म्हणून अमाइन बेताचं राहतं. भाजल्यावर त्यावर दुसरेच खमंग पदार्थ तयार होतात. सकाळी मी मासळीला कुजक्या वासांच्या ओळीत बसवलं, ते शिळ्या मासळीपुरतं वाचा.

आता संडास. इथे दोन नावं लक्षात ठेवा, इंडोल आणि स्कॅटोल. स्कॅटोल १८७७ मध्ये लुडविग ब्रिगर या जर्मन वैद्याने विष्ठेतूनच वेगळं काढलं आणि नावही विष्ठेच्या ग्रीक शब्दावरून पडलं. आपण प्रथिनं खातो, त्यातलं ट्रिप्टोफॅन आतड्यातले जिवाणू मोडतात, त्यातून ही दोन बाहेर पडतात. सोबत पॅरा-क्रेसॉल, तेच जे तबेल्यात येतं, आणि थोडे गंधकवाले. मुतारीचा डोळ्यांत जाणारा दर्प अमोनियाचा. ताज्या लघवीत तो जवळजवळ नसतो, युरिया फोडणारे जिवाणू तो नंतर बनवतात. म्हणून पाणी न टाकलेल्या मुतारीचा वास दुपारनंतर चढत जातो.

गंमत अशी की इंडोल मोगऱ्यातही आहे. जाई-जुई, मोगरा, या पांढऱ्या फुलांना जो जडपणा असतो तो त्याचा. इंडोल काढून टाकलं तर मोगरा साबणासारखा वाटतो. सकाळी माळलेला गजरा रात्री उशाशी पडल्यावर थोडा नकोसा वाटतो, तेव्हा आपण त्याच्याच जवळ आलेलो असतो.

करायचं कसं? शुद्ध माल घेऊ नका. इंडोल, पॅरा-क्रेसॉल हे अत्तरांच्या कच्च्या मालाचे व्यापारी ठेवतात. मशीद बंदर, प्रिन्सेस स्ट्रीटकडे विचारा आणि डायप्रोपिलीन ग्लायकॉल या बिनवासाच्या द्रावकात १ टक्का करूनच मागा. त्याचेही थेंब मोजायचे. शुद्ध क्रेसॉल कातडी जाळतं. स्कॅटोल तर घरात आणूच नका. एकदा माझ्या बाहीला लागलं होतं. तो शर्ट बायकोने चिमट्यात धरून नेला.

कुंदकळी · संध्याकाळी ७:००

मोगऱ्याचं वाचून देव्हाऱ्याकडे बघायला भीती वाटतेय.

तिरपी_गल्ली · संध्याकाळी ७:१२

अवांतर: आंबेमोहोर आणि बासमतीला जो वास देतो तो पदार्थ वाघाच्या लघवीतही असतो, असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

परीक्षानळी · संध्याकाळी ७:३०

खरं आहे. २-ॲसिटिल-१-पायरोलिन. वाघ झाडावर जी फवारणी करतो त्यात ते असल्याचं कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारींनी दाखवलं. जंगलात फिरताना भात शिजल्याचा वास आला तर पंगत शोधत जाऊ नये.

हातोडी_मेख · रात्री ८:४५

आमच्या एकांकिकेतही वासाचं खूळ निघालं होतं, म्हणून कानगोष्ट. गटारासाठी काहीही गंधकाचं 'बनवायला' जाऊ नका. एकाने शाळेच्या प्रयोगशाळेतली आठवण काढून आम्ल आणायची तयारी केली होती, वेळेवर थांबवला.

परीक्षानळी · रात्री ९:०५

वरच्या प्रतिसादाला हजार वेळा +१. हायड्रोजन सल्फाइडचा विनोद करू नये. थोडं असतं तोवर सडक्या अंड्याचा वास येतो आणि माणूस पळतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेलं की घ्राणेंद्रियच बधिर होतं. वास गेला, म्हणजे वायू गेला, असं वाटतं. मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा, दोघे जातात ते असे. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे. माणसं अजून उतरवली जातात.

तुमच्या गटारापुरता बिनधोक उपाय स्वयंपाकघरात आहे. पादेलोण, म्हणजे काळं मीठ. आपल्या पूर्वजांनी नाव ठेवताना लाज बाळगली नाही. साधं मीठ हिरड्या-आवळ्यासारख्या वनस्पती आणि कोळशाबरोबर भट्टीत तापवतात, त्यातल्या सल्फेटचं सल्फाइड होतं. वाटीत चमचाभर पादेलोण घ्या, कोमट पाणी घाला, वर लिंबू पिळा. आम्ल लागलं की सल्फाइडमधून तोच वायू सुटतो, पण जलजिऱ्याच्या ग्लासात सुटतो तेवढाच. आता गंमत बघा. सकाळी सांगितलं की लिंबाने मासळीचा वास बसतो. इथे त्याच लिंबाने वास उठतो. अमाइन अल्कधर्मी, आम्लात अडकतं. सल्फाइडचं उलट, आम्लात सुटतं. बारावीला हे एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर माझे चार मार्क वाढले असते.

प्रतिसादखोर · रात्री ९:२०

क्लायमॅक्सला गॅस गळतीचा वास सोडा. प्रेक्षक खुर्चीत ताठ बसतील.

परीक्षानळी · रात्री ९:३१

बसणार नाहीत, दाराकडे धावतील. हलक्यात घेऊ नका. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, त्यात मर्कॅप्टन मुद्दाम घालतात. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात शाळेखाली बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला, जवळजवळ तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर वास घालण्याची सक्ती झाली. तो वास म्हणजे एक निरोप आहे. खोटा निरोप पाठवायचा नसतो. १९ सप्टेंबर २०१९ची रात्र आठवा. चेंबूर-पवईपासून पश्चिम उपनगरांपर्यंत लोक गॅसचा वास येतो म्हणून फोन करत होते. आम्ही पण चार मजले उतरून खाली उभे होतो.

दुसरी_पाळी · बुधवार, दुपारी २:१०

आधी वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, मग मोठा भाऊ बदली कामगार. संप लागला तेव्हा मी अकरा वर्षांचा. आमच्या खोलीत नऊ माणसं. दोन पाळ्यांमुळे झोपायला जागा व्हायची. संप झाला आणि सगळी एकदम घरी आली.

तुमच्या यादीत ढेकूण नाहीत. खाटेच्या फटीत बोट घातलं की जो वास यायचा तो मला अजून आठवतो. दुसरं म्हणजे वडिलांचा सदरा. मशीनचं तेल, कापसाचा धुरळा आणि कांजी. कांजी आंबली की सायझिंग खात्यातल्या माणसाच्या अंगाला आंबूस वास यायचा, रंगखात्यातल्या माणसाला अंड्याचा. पोरं अंधारातही ओळखायची कोण जिना चढतंय. संपात सदरे धुतले गेले आणि वास निघून गेले. आई ते बोलून दाखवायची.

परीक्षानळी · दुपारी ३:००

दुसरी पाळी, नमस्कार. रंगखात्याचं अंडं बरोबर आहे. सल्फर ब्लॅक नावाचा काळा रंग सुताला चढवायला सोडियम सल्फाइड लागतं.

ढेकणांचं उत्तर भाजीवाल्याकडे आहे. ढेकूण चिरडला की ऑक्टेनाल, हेक्सेनाल असले अल्डिहाइड सुटतात. त्यांचंच थोडं लांब साखळीचं भावंड, डेसेनाल, कोथिंबिरीत असतं. कोथिंबिरीचं इंग्रजी नाव ग्रीक भाषेतल्या ढेकणाच्या शब्दावरून आलं असावं असं मानतात. जुडी ठेचून फडक्यात बांधा आणि गादीखाली ठेवा. ढेकूण पाहिलेल्यांना ढेकूण येतील, न पाहिलेल्यांना वाटेल चटणी चाललीये.

कुंदकळी · दुपारी ३:४०

अवांतर होतंय, पण राहवत नाही. जूनमध्ये दादरच्या मंडईत शेवळं ही रानभाजी येते. आमच्या सीकेपी घरांत त्याच्यासाठी भांडणं होतात. ती कोवळी, मिटलेली असतात. एकदा कर्जतला एका शेताच्या बांधावर पूर्ण फुललेलं शेवळं दिसलं, म्हणून कौतुकाने वाकले. मेलेला उंदीर! तेव्हापासून काकडं (त्यात घालायची आंबट फळं) जरा जास्तच घालते भाजीत.

परीक्षानळी · दुपारी ४:०५

सुरणाच्या कुळातलं ते. माश्या आणि भुंगे सडक्या मांसाच्या ओढीने येतात आणि परागकण घेऊन जातात. या कुळातल्या बऱ्याच फुलांत डायमिथिल डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड असतात. मांस सडताना हेच सुटतात. म्हणजे वास 'तयार करणारे' आपण पहिले नाही.

हातोडी_मेख · रात्री ८:२०

आता सोडायचं कसं ते बोला. फवारलात तर मेलात. अमेरिकेत १९६० साली स्मेल-ओ-व्हिजन म्हणून काढलं होतं, खुर्च्यांपर्यंत नळ्या टाकून. एका चित्रपटातच गुंडाळलं. वास कुणाला उशिरा पोचायचा, नळ्यांचा आवाज यायचा. वास ही लाइट नव्हे, कळ दाबली की विझायला.

आम्ही केलं होतं ते असं: बिस्किटाचे झाकणाचे पत्र्याचे डबे, आत जाड लोकरी नमद्याचा तुकडा, त्यावर थेंब. प्रवेशाच्या तीन-चार मिनिटं आधी विंगेतला पोरगा झाकण काढतो, मागे छोटा पंखा अगदी हळू. प्रवेश संपायच्या आधीच झाकण बंद. एसीचा परतीचा झडपा कुठे आहे ते आधी बघा, नाहीतर सगळा वास थेट तिकडे जातो आणि शेवटच्या रांगेला सगळ्यात आधी येतो. तिकीट खिडकीवर पाटी लावा, दम्याचे लोक असतात.

आणि नाटकभर वास ठेवू नका. नाक काही मिनिटांत मरतं. पूर्ण प्रयोगात तीन जागा पुष्कळ.

लाकडी_रंगमंच · अठरा दिवसांनी, रविवार, रात्री १:१५

वृत्तांत, पाहुणे बसवून घेतलेल्या तालमींचा.

१. पादेलोण-लिंबू: जमलं. कठड्याखाली वाटी ठेवली होती. चौकात गटार तुंबल्याचं वाक्य आलं आणि पुढच्या तीन रांगांनी नाक वर केलं. नंतर कळलं की आमच्या एका नटाला भूक लागली. त्याला पाणीपुरी आठवली.

२. बोंबील: नाखवांनी खरंच पाठवले. निखारे हॉलवाल्याने नाकारले, विजेच्या शेगडीवर भाजले. इथे आमचं काहीच कौशल्य नाही. तालीम थांबवून सगळ्यांनी भाकऱ्या मागवल्या.

३. ओल: सुतळीची पोती दोन दिवस भिजवून कोपऱ्यात ठेवली. पुरे.

४. संडास: इथे आमची शोभा झाली. काकांनी सांगितल्याप्रमाणे १ टक्का इंडोल, त्यात किंचित पॅरा-क्रेसॉल. पहिल्या दिवशी पाच थेंब. मधल्या रांगेतून आवाज आला, "गजरा कुणी घातलाय?" दुसऱ्या दिवशी वाढवले. आता लोक म्हणाले, जुन्या कपाटाचा, डांबरगोळीचा वास येतोय. तिसऱ्या दिवशी आणखी. दोघांचं डोकं दुखलं, पण संडास कुणालाच आठवला नाही. काका, काय चुकलं?

जाता जाता, ब्युटिरिक आम्लाची एक पट्टी अर्ध्या लोकांना "साय" म्हणून दिली आणि अर्ध्यांना "उलटी" म्हणून. पहिला गट हसत होता. दुसऱ्या गटातली एक मुलगी उठून बाहेर गेली. बाटली एकच.

परीक्षानळी · रविवार, सकाळी ६:५०

पट्टीचा प्रयोग तुम्ही नकळत नामांकित केलात. २००१ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिकचं एकच मिश्रण कधी चीज म्हणून, कधी उलटी म्हणून हुंगवलं होतं. निकाल तुमच्यासारखाच.

त्यातच तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि मला ते आधी सुचायला हवं होतं. रसायन बरोबर आहे, पाटी नाही. चाळीतला संडास लोकांना कशाने ओळखू येतो? मैल्याने नव्हे. फिनेलने. सकाळी कामगार ते काळं फिनेल ओतून जायचा, पाण्यात पडल्याबरोबर दुधासारखं पांढरं व्हायचं. तो डांबरी वास आणि त्याच्या खालून येणारा दुसरा. झाकायला घातलेला वास आधी कळतो, मग काय झाकलंय ते. इंडोल परत पाच थेंबांवर आणा. बादलीत फिनेलचं पाणी आणि एक ओला झाडू ठेवा.

लाकडी_रंगमंच · मंगळवार, रात्री ११:३०

काका, साष्टांग.

बादली ठेवल्यावर मिनिटभरात शेवटच्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, "ई, संडास!" आणि मग स्वतःच हसल्या, "आमच्या मजल्यावर सात बिऱ्हाडांत दोन होते. पहाटे चारला डबा घेऊन नंबर लावायचे." शेवटपर्यंत त्या बोलतच होत्या. दिग्दर्शक नोंदी घेत होता, दोन वाक्यं संहितेत गेली.

दुसरी पाळी, तुम्ही आज आला होतात ना? मागे उभे होतात. न भेटताच गेलात.

दुसरी_पाळी · बुधवार, दुपारी १:४०

आलो होतो. चांगलं केलंय. बोंबील आला तेव्हा जरा बाहेर जाऊन उभा राहिलो.

एक राहिलंय. कोणी लिहिलं नाही आणि मलाही तेव्हा सुचलं नाही, इतकं ते रोजचं होतं. रॉकेल. स्टोव्ह पेटवायच्या आधी काकड्याचा, मग पिन मारल्यावर भपका, विझवल्यावर पुन्हा. भाकरीलाही यायचा, अभ्यासाच्या वहीलाही. संपात रेशनच्या रांगेत डबा घेऊन मी उभा असायचो, हाताला दिवसभर तोच वास. तुमची बाई बोंबील भाजते, पण चूल कसली तेच कळत नाही.

लाकडी_रंगमंच · दुपारी १:५२

बरोबर. रंगमंचावर पितळी स्टोव्ह आहे आणि त्याला पितांबरीचा वास येतोय.

काका, सुरक्षित आहे का? पेटवणार नाही.

परीक्षानळी · दुपारी २:३०

पेटवायचं नाही, शिंपडायचं नाही. चार थेंब कापसावर, कापूस डब्यात, डबा झाकणाचा. विजेच्या शेगडीपासून लांब, आणि प्रयोग संपला की डबा इमारतीबाहेर. बाटलीतून याची नक्कल करायला जाऊ नका. त्यात शेकडो हायड्रोकार्बन असतात, माझ्या आयुष्यात ते जमलं नाही.

लाकडी_रंगमंच · गुरुवार, रात्री १०:१५

दोन दिवस फिरलो. हार्डवेअरवाले थिनर देतात, टर्पेंटाइन देतात. रेशन दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मुंबईत अर्धी वाटी रॉकेल कुणाकडे आहे का?

कुंदकळी · रात्री १०:४०

माझ्या माहेरी, अलिबागजवळ, मोरीच्या फळीवर एक जुनी बाटली आहे. मे महिन्यात जाणार आहे तेव्हा आणते.

लाकडी_रंगमंच · रात्री १०:४२

ताई, प्रयोग १२ एप्रिलला आहे.

वेसावकर_नाखवा · रात्री ११:०५

बोटीवरच्या जुन्या कंदिलात आहे थोडं. शनिवारी बंदरावर या, सकाळी सहाच्या आत. झाकणाची बाटली आणा.